पाथरीचे वतनदार आणि अहमदनगरचे सुलतान

परभणी जिल्ह्यातील पाथरी हे गोदावरीच्या उत्तरेस वसलेले एक जुने गाव होय. आज ते तालुक्याचे ठिकाण म्हणूनच लोकांस ठाऊक आहे. परंतु सोळाव्या शतकाच्या आरंभी या गावाच्या मालकीवरून दोन सुलतानांच्या फौजा एकमेकींवर धावून गेल्या आणि अवघ्या दहा वर्षांत हे गाव तीन वेळा हस्तांतरित झाले. इतक्या रक्तपाताचे कारण काय, असे विचारले तर तत्कालीन इतिहासकार जे उत्तर देतो ते ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. अहमदनगरच्या मुसलमान सुलतानास आपल्या ब्राह्मण पूर्वजांचे कुळकर्ण परत हवे होते, हे ते उत्तर.

एखाद्या समाजात जे थोडे असतात, ज्यांची उपासना किंवा राहणी चारचौघांहून निराळी असते, त्यांच्याविषयी बहुसंख्यांची वृत्ती कशी असते, हा प्रश्न आज सर्वत्र चर्चिला जातो. त्याची चर्चा तत्त्वांच्या आधारे पुष्कळ झाली आहे. आज मी ती एका गावाच्या आणि एका घराण्याच्या इतिहासाच्या आधारे करणार आहे. कारण या घराण्याच्या पाच पिढ्यांत धर्म बदलला, पंथ बदलला, पुन्हा बदलला. आणि प्रत्येक बदलाबरोबर कालचे थोडे ते आज सत्ताधारी झाले व कालचे सत्ताधारी ते आज जीव मुठीत धरून पळू लागले.

प्रथम मूळ पुरुषाची हकीकत सांगतो. ती आपणांस मुहम्मद कासीम फिरिश्ता याच्या ग्रंथातून मिळते. पाथरीच्या कुळकर्णी घराण्यातील एक शाखा गाव सोडून विजयनगरच्या राज्यात जाऊन राहिली होती. त्या शाखेतील भैरव नावाच्या ब्राह्मणाचा मुलगा तिमाभट. अहमदशहा बहमनीच्या फौजेने विजयनगरच्या मुलखावर स्वारी केली, तेव्हा हा मुलगा इतर कैद्यांबरोबर पकडला गेला. त्याला मुसलमान करून त्याचे नाव हसन ठेवण्यात आले व सुलतानाच्या गुलामांत त्याची गणना झाली. मुलगा बुद्धिमान निघाला. राजपुत्र मुहम्मद याच्या बरोबरीने त्याला फारसीचे शिक्षण मिळाले. बापाच्या नावावरून त्यास 'हसन भैरू' म्हणत व त्याचाच पुढे 'बहिरी' असा अपभ्रंश झाला, असे फिरिश्ता सांगतो. येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. मुलाचा धर्म गेला, नाव गेले, आईबाप गेले. परंतु बापाचे नाव मात्र अपभ्रष्ट होऊन का होईना त्याला चिकटून राहिले, आणि निजामशाहीचे सुलतान पुढे शेवटपर्यंत 'बहिरी' हे उपपद अभिमानाने मिरवीत राहिले.

हा मलिक हसन पुढे निजामुल्मुल्क झाला. बहमनी दरबारात त्या काळी दोन तट होते. या देशात जन्मलेले किंवा येथे मुरलेले ते दखनी, आणि इराण वगैरे देशांतून नुकतेच आलेले ते आफाकी अथवा परदेशी. दखनी बहुधा सुन्नी, परदेशी बहुधा शिया. परदेशी संख्येने थोडे, पण विद्येत व लेखणीत सरस. त्यामुळे त्यांचा हेवा फार. बिदरला मोठा मदरसा बांधणारा वजीर महमूद गवान हा या परदेश्यांपैकी होता. १४८१ साली खोटे पत्र सुलतानापुढे ठेवून त्याचा शिरच्छेद करविण्यात आला, आणि त्या कारस्थानात मलिक हसन प्रमुख होता. जो स्वतः परक्या घरातून ओढून आणलेला मुलगा, त्यानेच परका म्हणून दुसऱ्याचा घात करावा, यात दैवदुर्विलास आहे खरा; परंतु आपल्या आजच्या विषयात हा प्रकार पुनःपुन्हा आढळेल, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो. १४८६ साली मलिक हसनचाही बिदरला वध झाला. त्याचा मुलगा अहमद याने १४९० मध्ये स्वातंत्र्य पुकारले आणि पुढे अहमदनगर वसविले.

अहमद निजामशहाचा उत्कर्ष झाल्याची वार्ता विजयनगरच्या मुलखात पोहोचताच तेथील त्याचे ब्राह्मण भाऊबंद अहमदनगरला येऊन राहिले. आपले वडिलोपार्जित वतन पाथरीस आहे, ते सोडवून घ्यावे, असा लकडा त्यांनी सुलतानाच्या मागे लावला. पाथरी त्या वेळी वऱ्हाडच्या इमादशाहीकडे होती. अहमदशहाच्या मागून त्याचा अल्पवयीन पुत्र बुऱ्हाण गादीवर आला. त्याच्या कारकीर्दीत वऱ्हाडच्या अल्लाउद्दीन इमादशहास पत्र गेले की, पाथरीचा परगणा आमच्या पूर्वजांचा आहे, तो आम्हांस द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात याहून अधिक वसुलाचा दुसरा परगणा घ्यावा. इमादशहाने नकार दिला व पाथरीस तटबंदी सुरू केली. १५१८ मध्ये निजामशाही फौजेने पाथरी घेतली. पुढे इमादशहाने गोवळकोंड्याच्या कुलीकुतुबशहाच्या साहाय्याने ती परत मिळविली. १५२७ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाने तोफा डागून ती पुन्हा जिंकली, तेथील किल्ला जमीनदोस्त केला आणि तो परगणा आपल्या ब्राह्मण नातेवाइकांच्या स्वाधीन केला. मोगलांचा अंमल येईपर्यंत तो त्यांच्याच वंशाकडे चालत राहिला.

या हकीकतीत एक आणखी गंमत आहे. ज्याच्याशी हे युद्ध झाले त्या इमादशाही घराण्याचा संस्थापक फतहुल्ला हाही विजयनगरच्या मुलखातून लहानपणी पकडून आणलेला हिंदूचाच मुलगा होता. तेव्हा या लढाईस हिंदू-मुसलमानांची लढाई म्हणावे, तर दोन्ही बाजूंचे सुलतान मुसलमान. आणि मुसलमान-मुसलमानांची म्हणावे, तर दोन्ही घराण्यांचे मूळ हिंदू व भांडणाचा विषय ब्राह्मणाचे वतन! आपण पाठ्यपुस्तकांत ज्या दोन रकान्यांत सारा मध्ययुगीन इतिहास भरून टाकतो, त्यांपैकी एकाही रकान्यात ही हकीकत बसत नाही. मी शाळेत असताना हा धडा शिकवू लागलो की एखादा मुलगा हमखास विचारी, "गुरुजी, मग हे सुलतान आपले की परके?" या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्याचे मी नेहमी टाळीत असे.

आता या प्रसंगातून समाजाची वृत्ती काय दिसते ती पाहू. शास्त्र असे होते की, जो धर्मांतर करतो तो पतित. त्यास वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा नाही. ही समजूत इतकी खोल होती की, कंपनी सरकारला १८५० साली एकविसावा कायदा करून धर्मांतराने वारसा बुडत नाही असे ठरवावे लागले, आणि त्या कायद्याविरुद्ध सनातनी मंडळींनी मोठा गहजब केला. असे असताना सोळाव्या शतकातील पाथरीच्या कुळकर्ण्यांनी आपल्या धर्मांतरित भाऊबंदाचे नाते नाकारले नाही, उलट त्या नात्याचा उच्चार करीत ते त्याच्या दरबारी आले. सुलतानानेही 'माझा त्या काफरांशी काय संबंध' असे म्हटले नाही. त्याने पत्रात 'आमचे पूर्वज' असे शब्द घातले.

यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणत नाही. भाऊबंदांस वतन हवे होते, सुलतानास सरहद्दीवरचा परगणा हवा होता. तो भाऊबंद राजा नसता, एखाद्या खेड्यात मोलमजुरी करणारा नवमुसलमान असता, तर हेच कुळकर्णी त्याला ओसरीवर तरी बसू देते काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. सत्तेपुढे सोवळे सैल होते, दारिद्र्यापुढे ते कडक होते. हा अनुभव आपल्या समाजात नवा नाही. तथापि स्वार्थासाठी का होईना, धर्म बदलला म्हणजे रक्ताचे नाते तुटत नाही ही गोष्ट उभय पक्षांनी चारचौघांत मान्य केली, याचे महत्त्व कमी होत नाही. पुढे शिवाजी महाराजांनी १६७६ मध्ये नेताजी पालकरास शुद्ध करून घेतले आणि बजाजी निंबाळकराच्या घराण्यात आपली मुलगी दिली, तेव्हा तेही याच वाटेने एक पाऊल पुढे गेले. पाथरीकरांनी नाते मानले. महाराजांनी पंक्ती व सोयरीक यांची दारेही उघडली.

याच काळात पाथरीत दुसरेही एक कार्य चालले होते, त्याचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. पाथरीचे जुने नाव पार्थपूर. तेथे ज्ञानराज नावाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. त्यांचा 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ १५०३ सालचा. त्यांचे पुत्र सूर्यपंडित यांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये व लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. सरळ वाचल्यास रामकथा व उलट वाचल्यास कृष्णकथा निघेल असे एक चमत्कारिक संस्कृत काव्यही त्यांनी रचले. म्हणजे ज्या दशकांत गावाची तटबंदी पाडली जात होती, एका सुलतानाचा अंमल उठून दुसऱ्याचा बसत होता, त्याच दशकांत एका घरातील पितापुत्र ग्रहगतीची गणिते मांडीत होते. राज्य मुसलमानाचे असले तरी अशा विद्येला त्या काळी पाथरीत अवकाश होता, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

येथवरचा भाग समाधानाचा झाला. परंतु निजामशाहीचा सारा इतिहास असा गोड नाही. ज्या बुऱ्हाण निजामशहाने पाथरी जिंकून आपल्या ब्राह्मण आप्तांस दिली, ज्याने कंवरसेन नावाच्या ब्राह्मणास पेशवेपदापर्यंत चढविले, त्याच्याच कारकीर्दीत धर्ममताच्या कलहाचे बीज पेरले गेले. शहा ताहीर हा विद्वान पुरुष इराणातून जीव वाचवून दक्षिणेत आला होता. तो इस्माइली पंथाच्या एका शाखेचा इमाम. इराणच्या शिया बादशहास त्याचा प्रभाव सहन झाला नाही, म्हणून त्यास देशत्याग करावा लागला. म्हणजे तो अल्पसंख्यांतीलही अल्पसंख्य. अहमदनगरला आल्यावर त्याने आपला खरा पंथ झाकून ठेवला व इमामी शिया म्हणूनच तो वावरला. बुऱ्हाणचा लाडका मुलगा अब्दुल कादिर दुखणाईत असताना त्याने नवस करविला, मुलगा बरा झाला, आणि १५३७ मध्ये सुलतानाने शिया पंथ स्वीकारून तोच राजधर्म ठरविला.

त्याबरोबर शहरातील सुन्नी मंडळी खवळली. पीर मुहम्मद याच्या पुढारपणाखाली फौज किल्ल्यावर चालून गेली. बंड मोडले. पीर मुहम्मद कैद झाला व त्याचा वध व्हावयाचा. परंतु ज्याच्याविरुद्ध हे बंड होते त्या शहा ताहीरनेच रदबदली करून त्याचा प्राण वाचविला. छळ सोसलेल्या माणसाच्या हाती सत्ता आली असता त्याने दया दाखविली, असे या दीर्घ इतिहासात जे फार थोडे प्रसंग सापडतात, त्यांतील हा एक होय.

त्यानंतरचे प्रसंग असे नाहीत. पंधराव्या शतकात जौनपूरच्या सय्यद मुहम्मद यांनी आपण महदी असल्याचे घोषित केले. त्यांचे अनुयायी ते महदवी. विरक्त वृत्तीने राहणारे, दायरे करून वस्ती करणारे हे लोक ठिकठिकाणी उलेमांच्या रोषास पात्र झाले होते. त्यांपैकी पुष्कळजण दक्षिणेत आले, निजामशाही फौजेत शिरले, आणि १५८९ साली त्यांचा पुढारी जमालखान हा अहमदनगरात सर्वाधिकारी बनला. इस्माइल नावाच्या अल्पवयीन राजपुत्रास त्याने गादीवर बसविले, बारा इमामांची नावे खुत्ब्यातून काढून टाकली व महदवी मत हा राजधर्म केला. सत्ता हाती येण्याच्या धुमाळीत परदेशी शिया लोकांची शहरात भयंकर कत्तल झाली. घराघरांत शिरून लोक मारले गेले. वर्षानुवर्षे येथे राहिलेले व्यापारी, विद्वान व सैनिक यांस कोणी ओळख दिली नाही.

दोनच वर्षांनी पारडे फिरले. इस्माइलचा बाप बुऱ्हाण हा वऱ्हाडच्या बाजूने आला, १५९१ मध्ये रोहणखेडच्या लढाईत जमालखान पडला, शिया पंथ पुन्हा राजधर्म झाला, आणि आता महदवींवर तीच पाळी आली. पन्नास-पंचावन्न वर्षांत एकाच शहरात सुन्नींनी शियांविरुद्ध, महदवींनी शियांविरुद्ध व शियांनी महदवींविरुद्ध हत्यार उपसले. पाथरीचे मूळ सांगणाऱ्या या घराण्याचे सुलतान या तिन्ही मतांचे होऊन गेले. यापुढे थोड्याच वर्षांनी, १५९६ मध्ये, चांदबिबीस वऱ्हाड मोगलांना द्यावे लागले. पाथरीचा सरकार अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात दाखल झाला आणि पुढे निजामशाहीच बुडाली. अंतःकलहाने पोखरलेल्या राज्यास परचक्र थोपविता आले नाही, हे सांगावयास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

श्रोतेहो, ज्या फिरिश्त्याच्या आधारे मी हे सांगत आहे तो स्वतः कोण होता? कास्पियन समुद्रालगतच्या अस्तराबाद गावी जन्मलेला, बापाबरोबर बालपणी अहमदनगरला आलेला, मताने शिया. म्हणजे १५८९ मध्ये ज्यांची कत्तल झाली त्यांपैकीच एक. तो त्या दंग्यातून कसाबसा वाचला आणि विजापूरच्या इब्राहीम आदिलशहाच्या आश्रयास गेला. तेथे बसून त्याने आपला इतिहास लिहिला. पाथरीच्या ब्राह्मणांचे सुलतानाशी असलेले नाते त्याने लपविले नाही, त्याची टवाळी केली नाही. सरळ लिहून ठेवले. ती नोंद त्याने केली नसती तर हे नाते आज कोणास कळलेही नसते. पळून आलेल्या एका परक्याने आमच्या गावाचा इतिहास जपला, हे ऋण आम्ही मानले पाहिजे.

आता शतके ओलांडून अलीकडे येऊ. पाथरी पुढे हैदराबादच्या निजामाच्या राज्यात गेली व १९४८ पर्यंत तेथेच राहिली. या राज्यात रयतेत हिंदू बहुसंख्य आणि सत्तेत मुसलमान बहुसंख्य, अशी स्थिती होती. त्यामुळे दोघांसही आपण असुरक्षित आहो असे वाटत असे, आणि भीती ही न्यायबुद्धीची वैरीण आहे. अखेरच्या वर्षी रझाकारांनी हिंदू प्रजेवर अनन्वित अत्याचार केले. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारा 'इमरोज'चा तरुण मुसलमान संपादक शोएबुल्लाखान याचाही ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत खून झाला; स्वजनांत निराळे मत बाळगणारा तो एकटा पडला होता. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, आणि मग पारडे फिरले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्यानंतर राज्यात फिरून जो अहवाल दिला, त्यात २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज आहे. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. आमच्या मराठवाड्यात मुक्तिसंग्रामाची गौरवगाथा आम्ही दरवर्षी सांगतो, आणि ती सांगितलीच पाहिजे. परंतु तिच्यामागून आलेल्या या अध्यायाविषयी आमच्या घरांत मौन असते. त्याच अहवालात असेही नमूद आहे की, ठिकठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांस वाचविले, आणि हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले. मौन धरल्याने केवळ अपकृत्येच झाकली जातात असे नव्हे. असे सत्कृत्यही विस्मृतीत जाते.

धर्मभेदाखेरीज आणखी एका वर्गाचा येथे उल्लेख करतो. कारण सभ्य घरांत त्यांच्याविषयी बोलण्याचाही संकोच धरला जातो. जुन्या दरबारांत खोजे लोक मोठमोठ्या अधिकारांवर असत. त्यांची सत्ता पाहून सरदार त्यांस वचकून असत. इंग्रजी अंमलात मात्र १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यात अशा लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद झाली, आणि त्याच धर्तीवर हैदराबाद राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमारास, तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र कायदा आला. संशयावरून त्यांची नावे व ठिकाणे नोंदवहीत चढवावयाची. नोंद झालेल्याने स्त्रीचा वेष केला, दागिने घातले किंवा रस्त्यावर नाचगाणे केले, तर वॉरंटाशिवाय पकडून दोन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा केला आहे की नाही हा प्रश्न गौण. तू कोण आहेस हाच गुन्हा! तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये हा कायदा घटनाबाह्य ठरवून रद्द केला. राज्य गेले, निजाम गेला, तरी ती नोंदवही कायद्याने शंभराहून अधिक वर्षे जिवंत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांचे नागरिकत्वाचे हक्क मान्य केले व २०१८ मध्ये प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांस गुन्ह्यातून वगळले. कायदा बदलला, आता आमच्या ओसरीवरचे बोलणे बदलावयाचे आहे, आणि ते काम न्यायालय करू शकत नाही.

शेवटी पाथरीच्या दुसऱ्या एका मुलाविषयी. शिरडीचे साईबाबा मूळचे पाथरीचे, असे मानणारे पुष्कळ आहेत. आपण पाथरीचे ब्राह्मण असून लहानपणी एका फकिराच्या स्वाधीन केले गेलो, असे बाबा बोलल्याचे म्हाळसापतींच्या आधारे चरित्रकारांनी लिहिले आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या कामत व खेर यांच्या इंग्रजी चरित्रात पाथरीच्या भुसारी घराण्याचा निर्देश आहे. उलटपक्षी हेमाडपंतांच्या साईसच्चरितात बाबांचे आईबाप व जन्मगाव कोणासही ठाऊक नव्हते, असेच म्हटले आहे. याचा निर्णय करणे माझे काम नव्हे. मला विशेष वाटते ते बाबांच्या वागण्याचे. ते मशिदीत राहिले, तिला द्वारकामाई म्हणाले, तेथे धुनी पेटती ठेवली आणि ओठांवर अल्लाचे नाव ठेवले. हिंदूंनी आरती केली, मुसलमानांनी फातिहा पढला. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा तो कोठे ठेवावा यावर वाद पडला. मुसलमान भक्तांस उघड्या जागेत कबर हवी होती, हिंदूंस बुट्टींचा वाडा. छत्तीस तास चर्चा चालली, कोपरगावच्या मामलेदारांसमोर मते घेतली गेली, बहुमत वाड्याच्या बाजूने पडले आणि दुसऱ्या पक्षाने ते मान्य केले. वाद झाला, पण डोके फुटले नाही. अहमदनगर जिल्ह्यातच हे घडले, याची आठवण ठेवावी. त्याच जिल्ह्याच्या मुख्य शहरात सव्वातीनशे वर्षांपूर्वी खुत्ब्यातील नावांवरून रक्ताचे पाट वाहिले होते.

जानेवारी २०२० मध्ये राज्य शासनाने पाथरीच्या विकासासाठी १०० कोटी रुपयांची घोषणा केली व जन्मस्थानाचा उल्लेख झाला, तेव्हा शिरडीत बंद पाळला गेला. वादात उत्पन्नाचा भाग असेल, अभिमानाचाही असेल. परंतु शिरडीकरांचा एक मुद्दा विचार करण्याजोगा होता. बाबांनी आयुष्यभर आपली जात व धर्म सांगितला नाही. जन्मगाव ठरविले की घराणे ठरते, घराणे ठरले की जात ठरते, आणि मग त्यांना एका बाजूस ओढणे सोपे जाते. पाथरीकरांचा मुद्दाही तुच्छ नव्हे. ज्या मातीत माणूस जन्मला त्या मातीस त्याचा अभिमान वाटणारच. पाथरीच्या कुळकर्ण्यांस आपला तिमाभट सुलतानांचा मूळपुरुष झाल्याचा अभिमान वाटलाच होता की नाही? मूळ शोधण्यात वाईट काही नाही. मूळ सापडले म्हणून त्या माणसाचे पुढचे सारे आयुष्य पुसून टाकले, तर मात्र ते वाईट. तिमाभट हाही खरा आणि मलिक हसन हाही खरा. दोहोंतील एकच खरा असे जो म्हणतो, तो अर्धा इतिहास फाडून टाकतो.

या साऱ्यावरून मला जे वाटते ते थोडक्यात सांगतो. अल्पसंख्य ही कोणा एका जमातीची जन्माची ओळख नाही. ती एक पाळी आहे, आणि ती सर्वांच्या वाट्यास येते. अहमदनगरात ती शियांवर आली, सुन्नींवर आली, महदवींवर आली. हैदराबाद राज्यात एका वर्षाच्या आत ती हिंदूंवर येऊन गेली व मुसलमानांवर आली. आपल्यापैकी ज्यांची मुलेनातवंडे परमुलखात नोकरीस गेली आहेत, त्यांची मुले आज तेथे अल्पसंख्यच आहेत. त्यांच्या आडनावाचा उच्चार, त्यांचे देवघर, त्यांच्या डब्यातील भाजीचा वास यांवरून कोणी त्यांस हिणवू नये अशी आपली अपेक्षा असते. तीच अपेक्षा आपल्या आळीतील, आपल्या चाळीतील निराळ्या माणसाने आपल्याकडून केली, तर ती अवाजवी कशी?

म्हणून मुलांस इतिहास सांगताना निदान एवढे करावे. विजय सांगतो तसा अत्याचारही सांगावा, मग तो कोणत्याही बाजूचा असो. छळ सांगितला तर ज्यांनी शेजाऱ्यास वाचविले त्यांचेही सांगावे. शहा ताहीरची रदबदली सांगावी, विणकरांचे धैर्य सांगावे. आणि कोणी घरी भाड्याने जागा मागण्यास आला, शाळेत नाव घालण्यास आला, दुकानात नोकरी मागण्यास आला, तर नावगाव विचारून झाल्यावर कुळ विचारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. पाथरीच्या तटाचे दगड सुलतानाने पाडले ते पडले. आमच्या मनातील तट पाडण्यास तोफा लागत नाहीत, तो आम्हीच बांधलेला आहे.